डाव्या भुवईवर

खुर्ची दोनदा बदलली त्याच्यासाठी.
तिसरी न्हाव्याकडून आणली, लोखंडी,
आणि ऑर्विल टिबडो तीत बसला
परक्याच्या घरी बसावं तसा, कडेला.

बाहेर बफेलोचा कमरेएवढा बर्फ,
स्टुडिओत दिव्यांचा उन्हाळा.
अकरा वर्षं त्यानं समोरच्याला आडवं केलं,
आता टाय लावून सांगायचं
दुसरे कसे आडवे होतात.

डाव्या भुवईवर हेल्मेटनं कोरलेला व्रण,
चिंचोक्याएवढा. मी रोज बुजवायचे.
"राहू दे की," तो एकदा म्हणाला,
"त्याच्यामुळेच तर बोलावलंय मला."
काचेपलीकडून निर्माता: चकाकतो.
मग पावडर.

पहिले काही महिने वाक्यं त्याच्या तोंडात
ओल्या बुटांसारखी जड.
मग एका रविवारी विशीतला एक पोरगा
मैदानात पडला, उठेना.
शेजारचा निवेदक सुटलाच: यार्ड, सेकंद, हंगाम.
ऑर्विल गप्प.
कानातल्या यंत्रात ओरडा, बोल, बोल काहीतरी.
तो एवढंच म्हणाला,
"त्याला आत्ता फक्त गवताचा वास येत असेल."

पोतंभर पत्रं आली.
त्यात एक सिनेमावाल्यांचं.

टोरांटोबाहेरच्या बंद गोदामात शूटिंग.
मलाही नेलं त्यानं, हात ओळखीचा म्हणून.
भूमिका गुंडाची. नाव नाही. तिसऱ्या प्रसंगात मरतो.
दिग्दर्शक म्हणाला, चेहरा फार भला आहे,
एखादा व्रण हवा.
मी बोट ठेवलं: हा काय, आहे की.
त्यानं वाकून पाहिलं. पटत नाही, म्हणाला.
मग मी डिंक तापवला.
खऱ्यावर पावडर,
दोन बोटं सोडून खोटा.

गोळी लागली. ऑर्विल पडला.
पडणं त्याच्या हाडांत मुरलेलं:
हनुवटी आत, खांदा आधी,
पडता पडताच उठायची तयारी.
कट. "मेलेला माणूस स्वतःला जपत नाही."
पुन्हा.
सात वेळा पुन्हा.
आठव्यांदा तो धान्याच्या पोत्यासारखा कोसळला
आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दिवे मालवले, वायरी गुंडाळल्या,
तरी तो तिथंच.
मी कापूस घेऊन गेले.
डोळे उघडे, छताकडे.
"इथं शिट्टी कुणी वाजवत नाही, हलीना."

खोटा व्रण सोलून काढला मी,
खाली कातडी लाल झालेली.
मग हात पुढे केला.
एवढा गडी मला कुठला पेलणार,
तशीच धरून उभी राहिले.