मधलं अक्षर

खोबरेलाचा पाच लिटरचा डबा
पलीकडे दिवाडीला आर्मिंदबायकडे पोचवायचा,
पैसे मोजून घ्यायचे, रिकामा डबा परत आणायचा,
एवढंच काम होतं त्या दिवशी.
वय बारा. चपलेचा एक अंगठा तुटका.

नार्व्याच्या धक्क्याला फेरी टेकलेलीच होती.
इनास सुकाणूपाशी खिशात विडी शोधत होता,
आणि त्याच्या डोक्यावर, खिळ्याला टांगलेल्या
ट्रान्झिस्टरमधून
एक बाई गात होती.

मी थांबलो.
तेच चुकलं. चार पावलं टाकली असती
तर गाण्यासोबत मीही गेलो असतो.
पण तिनं एक स्वर असा धरला होता
की वाटलं, आपण हललो तर सांडेल.
डब्यातलं नव्हे, ते.

खलाशानं खुंट्यावरचा दोर काढला,
नेमका तेव्हाच तिनं स्वर सोडला.
फळी वर गेली, इंजिन धडधडलं,
आणि मला धक्क्यावर ठेवून
गाणं पाण्यावरून निघून गेलं.

वारा तिकडून होता म्हणून तुकडे तरी मिळाले.
एक शब्द. मग डिझेल. मग अर्धी ओळ, मग कुणाची शिंक,
आणि मग स्पष्ट, अगदी स्पष्ट:
दिवाडी.

रेडिओवरच्या बाईला आमची दिवाडी ठाऊक होती!
तिथली खाजणं, टेकडीवरचं पांढरं चर्च,
पुढच्या कडव्यात कदाचित
आर्मिंदबायचं चावरं कुत्रंसुद्धा.

डब्यावर बसून राहिलो.
फेरी परतली तेव्हा कुणीतरी गव्हाचे भाव सांगत होतं.
‘इनासबाब, तें गाणें?’
‘खंयचें गाणें रे?’
त्याला विडी सापडली होती.

नंतर गाणी पुष्कळ आवडली.
डिचोलीत वीजखात्यात लागलो, खांबांवर चढून
जत्रेतली ऐकली, शेजारच्या लग्नातली,
सुलक्षा तांदूळ निवडताना गुणगुणायची ती.
ती हळूहळू आवडत गेली,
नव्या घरातला जिना अंधारातही पायांना कळू लागतो, तशी.
हे आवडलं नव्हतं. लागलं होतं,
ठेच लागते तसं.

नाटकात पेटी वाजवणाऱ्या गुणो मास्तरांना
एकदा चाल म्हणून दाखवली.
डोळे मिटून ऐकलं त्यांनी, म्हणाले,
‘दोन गाणी शिवलीस रे तू एकात.
आणि दिवाडीवर कोण कशाला लिहील?’
मी काही बोललो नाही.
तोवर कुत्र्याचं कडवं मीच रचलं होतं.

यंदाच्या थंडीत पुतणीनं, शर्वाणीनं, फोन तोंडासमोर धरला.
दातांच्या फटीतून दोन ओळी गुणगुणलो.
यंत्रानं ओळखल्या. एवढ्यात.

‘दिवा धरी’ होतं ते.
कुणी बाई दारात दिवा धरते, कुणाची वाट बघते.
मधलं अक्षर इनासच्या इंजिनानं खाल्लं होतं.
खाजण नाही, चर्च नाही. कुत्रं तर नाहीच.

‘काका, किती गोड आहे,’ शर्वाणी म्हणाली.
आहे. गोडच आहे.
दुसरं कडवं छान, तिसरं जरा लांबलंय.

परवा नार्व्याला गेलो.
फेरी वेगळी, खलाशी कोवळा, कानात बाळी.
गाणं लावलं, आवाज पूर्ण केला,
आणि फोन त्याच्या हातात दिला:
एवढं पलीकडे नेऊन परत आण.
तो माझ्याकडे बघत राहिला, मग फोनकडे.
‘तुमी येनात?’
‘ना. हांव हांगाच बसतां.’

दोर निघाला. फळी वर गेली.
पण वारा उलटा होता,
इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही.
पाणी खुंट्यापाशी येऊन परत जात होतं.
वीस मिनिटं. कदाचित जास्तच.

पोरगा उतरला, फोन शर्टाला पुसून हातात दिला.
‘आजो,’ म्हणाला,
‘दिवाडीचें गाणें मरे हें?’

‘हय,’ मी म्हटलं.