कान लाव, बस

"झाकण उघडायचं नाही," तायस्तो म्हणाला होता,
"मार्च सरेपर्यंत. पेटीला कान लाव, बस."
उणे एकवीस. पाळी लाकडाला चिकटली,
ऐकू आलं ते माझंच रक्त.

मग त्यानं बायकोचा स्टेथोस्कोप दिला.
नर्स होती हिल्क्का, कुहमोच्या दवाखान्यात.
तिसऱ्या चौकटीपाशी, खालच्या अंगाला,
दोन घरं पलीकडे कुणी शिवणयंत्र चालवावं
तसं काही.

आज पेटीच्या तोंडाशी, बर्फावर, सात माश्या मेलेल्या.
मी रडवेली. तो वाकून मोजतो, खूश:
"आत कुणीतरी आहे ना
यांना ओढत बाहेर टाकायला."

रविवारी स्टेथोस्कोप परत करायला गेले.
त्याच्या पायरीवरचा बर्फ कोरा.
दार वाजवलं नाही,
कान लावला.

रेडिओ. खोकला.

मग फावडं घेतलं.