सात इंच

टेपचं एक टोक तुळशीदास खुडे धरतात,
दुसरं माझ्याकडे.
"किती आलं, बाई?" ते पलीकडून विचारतात
आणि त्यांचा आवाज सागवानी कैच्यांना वळसा घालून
जरा उशिरानं माझ्यापर्यंत पोचतो.

नकाशात हा हॉल चाळीस बाय नव्वद.
काटकोनात, शाईत, सहीशिक्क्यानिशी.
पुलापलीकडच्या ह्या वस्तीला पेठांनी कधी पुणं म्हटलं नाही,
तर आपलाही एक टाऊन हॉल असावा म्हणून
घरपट्टीवर दोन दमड्या चढवून बांधलेला.
काळा दगड, चुन्यानं भरलेल्या दरजा,
कमानीत रंगीत काच (निळीच्या जागी आता पत्रा),
मंगळुरी कौलं,
आणि स्टेजवर पीओपीचं आभाळ,
अर्ध्यात बजेट संपलेलं.

पश्चिमेची भिंत मात्र जुळेना.
तीनदा मोजली.
ह्या टोकाला चाळीस, त्या टोकाला चाळीस,
मधे कुठेतरी सात इंच आत.
मी म्हटलं, माझंच चुकतंय.
खुडे म्हणाले, "चुकत नाही. आड आहे तिथं."

भिंतीला लागून रेकॉर्ड रूम. मृत्यूनोंदीची बाडं.
सगळ्यात खालचा थर चैत्रातही दमट:
प्लेगात गेलेली माणसं
अजून वाळलेली नाहीत.
वरच्या फळीवर सभेची कार्यवृत्तं.
ठराव एकेचाळीस: 'सदर जागेतील आड बुजवावा. सर्वानुमते मंजूर.'
खाली वेगळ्या शाईत, 'बुजविला.'
खर्च चौदा रुपये, अदा.

बुजवला नव्हता.
यल्लाप्पा मुकादमाच्या पालांवर
दुसरं पाणी नव्हतं.
नळ आला होता, पण तो बंगल्यांपर्यंत.
तेव्हा एका रात्री त्यानं कंदिलाशी ओळंबा धरला
आणि सरळ येणारी भिंत
जरा अंग चोरून उभी राहिली,
जसा अरुंद बोळात समोरून
भरली घागर घेऊन बाई आली
की माणूस राहतो.

हे खुड्यांना त्यांच्या चुलत्यानं सांगितलं.
चुलता इथलाच शिपाई. त्याला कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
कोनशिलेवर पाच नावं आहेत.
पाचही अगदी ओळीत.

माझ्या फॉर्मवर रकाना आहे: 'दोष, असल्यास.'
पेन काढलं, परत ठेवलं.
खुड्यांनी तोवर कपाट सरकवलं,
फरशीतली लोखंडी कडी दाखवली,
तिच्या शेजारी रुपयाएवढं भोक.

टेप आत सोडली.
दहा. अठरा. पंचवीस फूट.
एकतिसाव्या फुटावर ती हलकी झाली,
ताण गेला,
खाली कुणी हातात घ्यावी तशी.

वर ओढताना
पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळत आलं.
"किती?" खुड्यांनी विचारलं.
ह्या वेळी आवाज लगेच पोचला.