त्रेचाळिसावा दाणा

कोपरखैरणे, शाळेचा तिसरा मजला.
कप्पी पडद्याच्या दांडीला टांगलीय,
कारण स्टँड विज्ञान प्रदर्शनाला गेला तो गेलाच.

दोन्हीकडे दोनशे-दोनशे ग्रॅम. दोरा गप्प.
कौस्तुभ मढवी हलकंच बोट लावतो,
वजन जरासं उतरतं नि थबकतं.
"पुस्तकात तर चालत राहतं, बाई."
पुस्तकातल्या कप्पीला गंज नसतो रे, म्हणत
मी शिवणयंत्राचं तेल शोधते.

आता एका बाजूला दहा ग्रॅम जास्त हवेत.
पेटीत दहाची खाच रिकामी.
पाचचं वजन तर मी आल्यापासून पाहिलंच नाही.

प्रणिता पार्टे दप्तरातून पुडी काढते.
काळी मिरी.
बाबा मसाला मार्केटात माथाडी; गोणीची शिवण उसवली
की दाणे घरंगळतात पाठीवरून,
दुमडलेल्या बाहीत, कधी कानामागेसुद्धा.
आई रात्री वर्तमानपत्रावर शर्ट झटकते.
"घसा बसलाय, म्हणून आणली होती."

दहा ग्रॅम म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव दाणे.
दोन्हीकडे बाटलीचं एकेक झाकण, भांडण नको.
"सगळे एकदम नको," ती म्हणते,
आणि एकेक टाकू लागते.
दहा. वीस. मागचा बाक मोठ्यानं मोजतोय.
एक्केचाळीस. बेचाळीस.
त्रेचाळिसाव्याला दोरा हलला.

"आधीच्या बेचाळिसांचं काय झालं, बाई?"
कप्पीनं खाल्ले.
वर्ग हसला. ती नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिली.

मग सगळे दाणे, एक मीटरची घसरण.
सूत्र म्हणतं, दोन पूर्णांक नऊ सेकंद.
घड्याळ म्हणतं, तीन पूर्णांक दोन.
पुन्हा केलं. तीन पूर्णांक दोन.
खोडरबरं चालू झाली.
बत्तीस वह्यांत दोन-नऊ. मीही बघून न बघितल्यासारखं केलं,
बाहेरून परीक्षक येतात, त्यांना जुळलेलं आवडतं.

प्रणिताच्या वहीत तीन-दोनच.
'त्रुटीची कारणे' याखाली एक ओळ:
त्रुटी नाही. बेचाळीस दाणे आधीच कामी आले होते.

लाल पेन उघडून मी बराच वेळ बसले.

घंटा झाली. पुडी बांधताना तिनं पुन्हा मोजले,
एकशे सत्त्याण्णव.
टेबलाखाली वाकली, खुर्च्या सरकवल्या.
राहू दे गं एक.
"आई नाही मोजत, बाई. पण मी मोजलेत ना."

सोमवारी तेल घालायला कप्पी उतरवली.
खोबणीत होता तो, चिरडलेला,
बोटांना वास दिवसभर.