सतरा नंबरची किल्ली

हॅलिफॅक्सच्या उतारावर भाजीचे दोन मळे,
वरचा नि खालचा. मध्ये दगडी बांध
आणि चाळीस वर्षांचा अबोला.
फेब्रुवारीत कौन्सिलचं पत्र आलं:
आता एकच समिती, एकच फाटक, एकच यादी.
यादी माझ्याकडे, कारण मला
कॉम्प्युटरातलं कळतं, असं ठरलेलं आहे.

खालच्या मळ्याच्या विनिफ्रेड सग्डेन बाईंनी
बिस्किटांच्या डब्यातून दोन वह्या काढल्या.
एकीत किल्ल्यांचे नंबर, दुसरीत माणसं.
"ओळीला ओळ लाव," म्हणाल्या,
"तिसरी किल्ली तिसऱ्या माणसाची."
एवढ्या भरवशावर एकतीस वर्षं
इथं वाटाणा पिकत होता.

रात्री जेवणाचं टेबल पुसून बसले.
आधी नावं लावली एबीसीडीनं. नुसती नावंच.
किल्ल्या जागच्या जागी राहिल्या
आणि एका क्षणात सगळा मळा दुसऱ्याचा झाला.
पंगतीत पानं तशीच ठेवून
माणसं तेवढी उठवून बसवावीत,
नि अळणी लागणाऱ्याच्या पुढ्यात ठेचा यावा, तसं.
स्क्रीन मात्र शांत.
चुकलं, असं कोणी म्हणत नव्हतं.

म्हणजे आधी गाठ मारायची, मग हलवायचं.
पायथनमध्ये त्याला झिप म्हणतात,
स्वेटरची चेन, दाताला दात.
पण आखूड बाजू संपली की ही चेन तिथंच थांबते,
हूं नाही की चूं नाही.
किल्ल्या सेहेचाळीस, माणसं चव्वेचाळीस.
शेवटच्या दोन किल्ल्या गेल्या कुठं,
यंत्राच्या गावीही नाही.

फोन केला.
"पंचेचाळीस डेनिसच्या मुलासाठी करून ठेवलीय.
तो अजून हो म्हणाला नाही."
आणि सेहेचाळीस?
"ती फाटकाचीच गं. ती कुणाची कशी असेल?"
मग लांब बाजूपर्यंत जाणारी झिप लावली.
दोन रकान्यांत 'कोणी नाही' असं आलं.
निदान ओळ तरी मिळाली त्यांना.

वरचा मळा त्यात ओतला,
तर सतरा नंबर दोन्हीकडे.
डिक्शनरीत एका किल्लीला एकच जागा,
शेवटी आलेल्याची.
तादेउश व्रोना, ज्याचे कांदे
दर सप्टेंबरात बक्षीस घेतात, तो पुसला गेला,
आणि खालची ग्लेनिस
कानामागून आली नि तिखट झाली.
मग प्रत्येक नंबरखाली माणूस नाही,
माणसांची पिशवीच टांगली.

(दहा दोनच्या आधी येत होता, तेही निस्तरलं.
आकडे अक्षरं समजून वाचत होतं बिचारं,
पहिला एक दिसला की पुढे पाहायचंच नाही.)

राहिली वाट पाहणाऱ्यांची यादी.
सॉर्ट करताना विचारतात: की कोणती?
मी लिहिलं, वर्ष.
दोन हजार एकोणीसचे आम्ही चौघं:
ग्रीनवुड, इक्बाल, बॅराक्लो, आणि मी.
बरोबरीत असले तर पायथन
आलेल्या क्रमाला हात लावत नाही.
वर्षापुढे स्वल्पविराम देऊन 'नाव' टाकलं.
अवसरे. आले वर.
चहा गार होईपर्यंत तशीच वर बसले.
मग खोडलं.

एप्रिलमध्ये नव्या फाटकापाशी पाट्या रंगवायच्या होत्या.
समितीनं सुचवलं: सतरा ए, सतरा बी.
व्रोना म्हणाला, मी बी होणार नाही.
ग्लेनिस काही बोलली नाही.
ब्रश उचलला, दोन्ही पाट्यांवर
ठसठशीत ए काढला,
आणि त्याच्याकडे कांद्याची रोपं मागितली.

मी घरी आले. टेबल पुन्हा पुसलं.