अकर्मक

गुरुवारी साडेसहाला डुलूथच्या ग्रंथालयाच्या तळघरात
आम्ही पाच जण. रेडिएटर मधूनच ठोकतो,
कुणीतरी आत कोंडल्यासारखा.
बाहेर सरोवर काठाकडून गोठत चाललेलं.

मी फळ्यावर लिहिते : जाख. म्हणजे जाणे.
क्लिंगॉनमध्ये जाणाऱ्याला जागा ही कर्म म्हणून मिळते.
पाव खावा, वैरी मारावा, तसं घर जावं.
टोबिन हसतो. सोळाचा आहे,
त्याला शिकायच्या होत्या युद्धाच्या आरोळ्या
आणि मी तीन आठवडे त्याला उपसर्ग वाढतेय.

विजाख : मी ते जातो. मुक्काम त्या 'ते'मध्ये.
जिजाख : मी जातो. नुसताच.
घराला प्रत्यय दोन्हीकडे तोच, डाक.
फरक क्रियापदाच्या कपाळावरच्या एवढ्याशा अक्षराचा :
जूखडाक विजाख, मी घरी जातो.
जूखडाक जिजाख, मी घरातल्या घरात
जात राहतो.

गृहपाठ होता, आजचा दिवस एका वाक्यात.

आयनार ट्वाइट, खनिजाच्या बोटींवर
एकेचाळीस वर्षं सुकाणू धरलेला,
वही पुढे सरकवतो. जाड पेन्सिल, मोठी अक्षरं :
जूखडाक जिजाख.

"उपसर्ग चुकला," मी म्हणते,
आणि लाल शाईने वि काढते, सहज,
कुणाच्या कॉलरवरचा धागा उचलावा तशी.

तो त्या वि कडे बघत राहतो.
खोडरबर मागतो. शाई जात नाही.
"चूक नव्हती ती," म्हणतो.
"बोर्घिल्ड ऑगस्टमध्ये गेली.
तेव्हापासून चुलीकडून खिडकीपाशी,
खिडकीकडून जिन्यापाशी. दिवसभर तेच करतो.
म्हणून तेच लिहिलं."

व्याकरणात यावर काही नव्हतं. माझ्याकडेही.

मग टोबिन, वहीवरून मान वर न करता,
"बाव चालेल ना? प्रदक्षिणा घालणे.
त्याला कर्म लागतं."

आयनारने ओठ हलवून पाहिले.
लिहिलं, सावकाश, बोट धक्क्याला लावावी तसं :
जूख विबाव.
मी घराभोवती फिरतो.

मला आठवत होता तो शब्द ग्रहांसाठीचा, जहाजांसाठीचा.
घरासाठी कुणी वापरला होता का,
मला माहीत नाही. मी पाहिलंही नाही नंतर.
त्या वेळी मी टेबलाखाली वाकून
लाल पेनाचं टोपण शोधत होते
आणि ते सापडू नये, असंच वाटत होतं.