कारण: घरखर्च

रुवीत, शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर
खांबेटेबाई प्रेम दुरुस्त करतात.
हे वाक्य त्या खोडतील.
म्हणतील, प्रेम नाही, वाक्यं. प्रेमाचं तुझं तू बघ.

दारावर पितळी पाटी: ऊ. ग. खांबेटे.
ऊ दीर्घ, ठसठशीत. घंटा बिघडलेली.
शुक्रवार, दुपारचे चार.
खाली कुणाच्या तरी दिशदाशावर इस्त्री फिरतेय,
वर एसीचं पाणी बादलीत टपटपतंय,
ते नंतर कढीपत्त्याला.

मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर.
पुस्तकांवर माझं नाव शर्वाणी.
हे बाईंना ठाऊक, कोल्हापूरच्या प्रकाशकाला ठाऊक,
आणि आता तुम्हाला.

बाईंची शाई हिरवी. लाल त्यांना नोटिशीसारखी वाटते.
"पान नऊ, काळजाचा ठोका चुकला.
पान सव्वीस, चुकला. पान चाळीस, पुन्हा चुकला.
पोराला दवाखान्यात ने,
नाहीतर एकदाच चुकव, पण नीट."

चांदणं गेलं. मोगरा गेला.
"ही मत्राला राहते ना? मग खिडकीतून मासळी येऊ दे,
शेजारणीचा लोबान येऊ दे.
ह्याचा पगार किती? खोलीत माणसं किती?
चुंबन घ्यायला दार तरी लागतं का आतून?
आणि विमानतळावर ही धावत सुटली,
तर ट्रॉली कुणाच्या भरवशावर सोडली?"

मी वहीत लिहून घेतो: ट्रॉली.

बावीस वर्षं बाई पैसे पाठवायच्या काउंटरवर होत्या.
काचेला अर्धगोल भोक, पलीकडे रांग,
प्लंबर, ड्रायव्हर, नर्सा, ऑफशोअरचे वेल्डर,
नखांत सिमेंट, खिशात घडी घातलेले रियाल.
दर महिन्याची तीन तारीख.
"'तुझ्यावाचून जगू शकत नाही' असं एकही माणूस बोलला नाही," बाई म्हणतात,
"पंचावन्न रियाल, एवढंच बोलायचे."
आणि माझा अख्खा परिच्छेद हिरवा होतो.

पान एकशे बारावर मात्र काही नाही.
तिथे तिला ताप आहे, आणि तो तिचं कार्ड घेऊन
दवाखान्याच्या रांगेत उभा आहे. बस, एवढंच.
मी पान उलटून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं.
"बाई, इथे राहिलं का?"
"नाही. तिथे काही करायचं नव्हतं."
बारा वर्षांत मला मिळालेली ही एक शाबासकी.

शेवट मी दुःखाचा केला होता. मला तो थोर वाटत होता.
बाईंनी चष्मा काढला.
"सोहारची ती नर्स रात्रपाळी करून येते,
बूट न काढता शेवटची चार पानं वाचते.
तू हिला तिकडे पाठवलंस, ह्याला इकडे ठेवलंस.
आता त्या बाईला झोप कोण लावणार? तू?"
मी शेवट बदलला.
विमान चुकतं. ट्रॉलीचं चाक अडकतं म्हणून.

मग चहा. मग, कशावरून कोण जाणे, त्या फॉर्मचा विषय निघाला.
त्यात एक रकाना असायचा, पैसे पाठवण्याचं कारण.
सगळे लिहीत: घरखर्च.
एकाने एकदा तिथे, चक्क मराठीत,
एक नाव लिहिलं होतं.
"मग?"
"मग काय. नियमात बसत नव्हतं. परत केला."
बादली भरत आली होती. बाई उठल्या,
कढीपत्त्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.
"पहिलं अक्षर ऱ्हस्व काढलं होतं त्याने.
तेवढं दीर्घ केलं, आणि दिला परत."

"पुढच्या महिन्यात आला?"
"आला ना. घरखर्च."

जिन्यात उतरताना
मी पाटी पुन्हा एकदा वाचली.